तिसऱ्या पानावरच्या चार ओळी

छापखान्यात त्याला सगळे मुनी म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं माणूस बघून ठेवलं होतं. सकाळी यायचं, डबा खिडकीत ठेवायचा, बाह्या दुमडायच्या आणि खिळ्यांच्या केसपुढे उभं राहायचं. दिवसभरात तो जेवढं बोले तेवढं पोस्टकार्डावर पत्ता लिहायच्या जागेत मावलं असतं.

कामात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. केस म्हणजे लाकडाचं मोठं उथळ तबकच. त्यात लहान लहान घरं, आणि प्रत्येक घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात खिळे रचायची लोखंडी पट्टी, तिला स्टिक म्हणत. उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तीत लावायचा. कोंबडी दाणे टिपते तसा मुनीचा हात चाले, आणि नजर खिळ्यांकडे नसेच, समोर लावलेल्या कागदाकडे असे. शिशातली अक्षरं उलटी असतात. तीही तो सुलट्यासारखी वाची. बत्तीस वर्षं हेच केलेलं. सभांची पत्रकं, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि दर शनिवारी निघणारं मालकांचं साप्ताहिक.

लिहीत मात्र तो कधीच नसे. बहिणीला पत्र बायको लिही. तो खाली नुसतं नाव टाकी, आणि ते बघून बहीण दरवेळी विचारी, दादाचा हात दुखावलाय का? "लिहिणारे वेगळे, आम्ही जुळवणारे," असं तो म्हणे. त्या म्हणण्यात थोडा कमीपणा होता आणि थोडी सुटकाही होती. कागदावर कोणी कोणाला शिव्या दिलेल्या असोत, नाहीतर कोणी स्वतःलाच थोर पुरुष म्हणवून घेतलेलं असो, जुळवणाऱ्याला त्याचं पाप नाही आणि पुण्यही नाही.

छापखान्यात एक नियम होता. जुळवून झालेला कागद भिंतीवरच्या तारेच्या हुकात खोचायचा. उद्या कोणी भांडत आलं तर दाखवायला. "हुकात कागद असला की आपली मान मोकळी," असं मालक म्हणत. साप्ताहिकाचे संपादकही तेच.

पण नियमाच्या शेजारी एक वहिवाटही होती. पान जुळवताना शेवटी कधी दोन, कधी चार ओळींची जागा उरे. त्या वेळी मालकांना शोधत फिरायला सवड नसे. मग जुळारीच काहीतरी रचून भोक बुजवी. एखादी म्हण, एखादा चुटका, 'जेवल्यावर लगेच धावू नये' असला एखादा उपदेश. याला भराव म्हणत. भरावाला कागद नसे. डोक्यातून निघायचं ते थेट स्टिकमध्ये.

भरावाचा राजा होता लंबू. हा दुसरा जुळारी, सहा फुटांच्या वर, आणि जिभेला हाड नसलेला. तिसरं पान त्याचं. साप्ताहिक हातात पडलं की लोक आधी तिसऱ्या पानाचा तळ बघत. मुनीला बत्तीस वर्षांत भराव लिहायची वेळ फार तर पाच-सहा वेळा आली असेल, आणि प्रत्येक वेळी त्यानं 'दारे-खिडक्या नीट बंद कराव्यात' हेच छापलं होतं. लंबू म्हणे, "मुनी, तुझ्यामुळे या शहरातल्या चोरांचे फार हाल झाले बघ."

मुनीला एकच शौक होता. दोन चौक पलीकडच्या वाचनालयात जायचं आणि पुस्तकं आणायची. तिथल्या बाई पन्नाशीच्या, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी दोन पावलं मागं सरावं. गोड त्या नव्हत्याच. पण पुस्तक कोणतं, कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, हे त्या डोळे मिटून सांगत.

कुलूप लावलेल्या एका कपाटात जुन्या अक्षरांच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक होतं. ते घरी न्यायची परवानगी नव्हती. मुनी काचेतून त्याच्याकडे बघत उभा राही. तीन-चार वेळा असं झाल्यावर एके दिवशी बाईंनी किल्ली काढली.

"नजरेनं काच फुटेल एखाद्या दिवशी," त्या म्हणाल्या. "न्या. सोमवारी आणून द्या. नोंद करत नाही, नियमात बसत नाही ते. कळलं?"

मुनीनं मान हलवली. आभार मानायचे त्याच्या मनात होते, पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर बाई पुढच्या माणसाकडे वळल्या होत्या.

त्याच आठवड्यात शनिवारी तो दुसरं एक पुस्तक परत द्यायला गेला. प्रवासवर्णन होतं. मोठं पुस्तक घरीच होतं, सोमवारची मुदत होती. बाईंनी प्रवासवर्णन चाळलं आणि त्या थांबल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक उघडून वर धरलं. "पान अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. चोरानं सोडावेत तसे ठसे सोडलेत. पोलिसांना तपास करायलासुद्धा लागणार नाही."

वाचत बसलेले पाच-सहा जण हसले. मुनीनं हात मागे नेले. बत्तीस वर्षांची शाई नखांच्या कडांत बसलेली, साबणानं न निघणारी.

"अहो, विश्वासानं देते मी पुस्तकं," बाई म्हणाल्या. "हात धुवायला घरी पाणी नाही का?"

तो बाहेर पडला. सोमवारी गेला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मोठं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं होतं. बायकोनं दोनदा आठवण केली. "जातो," तो म्हणाला. आपण ते ठेवून घेतलंय असं त्याला कधी वाटलं नाही. आज नको, उद्या, इतकंच त्याचं म्हणणं होतं.

असे दोन महिने गेले. मग एका शुक्रवारी दुपारी लंबूची दाढ सुजली. एका बाजूचा गाल दुधी भोपळ्यासारखा झाला. साडेचारला गालावर रुमाल दाबून तो म्हणाला, "मुनी, माझं पान बघ रे. खाली चार ओळी उरल्यात. आज मला काही सुचत नाही, सुचलं तरी ते दुखतंय." आणि तो गेला.

मुनी तिसऱ्या पानापुढे उभा राहिला. 'दारे-खिडक्या' जुळवायला त्यानं हात पुढे केला खरा, पण हात दुसऱ्याच घराकडे गेला. पुढं काय झालं ते त्याला पुष्कळ दिवस स्वतःलाही नीट सांगता येईना. ओळी आपोआप येत गेल्या. एक खिळा मागेपुढे करावा लागला नाही. चार ओळींत बरोब्बर बसल्या:

'आमच्या वाचनालयातील दुर्मीळ पुस्तकांना हल्ली म्हणे पाय फुटू लागले आहेत. पाय फुटले हे ठीक, पण चालून चालून ती कोणाच्या घरी मुक्कामाला जातात, हे कमरेला किल्ल्या लावून फिरणाऱ्या बाईंनाच ठाऊक!'

मशीनवाल्यानं पानाचं प्रूफ काढून मुद्रितं तपासणाऱ्या म्हाताऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. हा म्हातारा म्हणजे कोशकाका. शब्दकोश उशाला घेऊन झोपतो अशी त्याची ख्याती. मुनी आपल्या जागेवरून कान देऊन ऐकत होता. पहिल्यांदा खुर्ची करकरली, मग खोकला, आणि मग कोशकाका स्वतःशीच खुदकन हसले. "लंबू गाल सुजला की जास्त चांगलं लिहितो," ते म्हणाले.

शनिवारी चहाच्या दुकानात एक जण ते मोठ्यानं वाचत होता. लोक हसत होते. "पाय फुटले हे ठीक!" एक जण म्हणाला, आणि त्यानं मांडीवर थाप मारली. मुनी कोपऱ्यात कप धरून बसला होता. त्याच्या छातीत काहीतरी फुललं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं केलेल्या वाक्याला लोक हसत होते. नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. ओळी रागात लिहून गेल्या असं म्हणता आलं असतं. पण ते फुलणं रागाचं नव्हतं.

पुढच्या बुधवारी वाचनालयाच्या समितीनं कपाटं उघडून मोजदाद केली. गेल्या पंधरा वर्षांत ती कोणी केली नव्हती. अकरा पुस्तकं सापडेनात. पंधरा वर्षांत अकरा म्हणजे खरं तर फार नव्हे, पण चार ओळी आधी वाचलेल्या माणसाला अकरा पुष्कळ वाटतात. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं बाईंना सांगण्यात आलं. किल्ल्या काढून घेतल्या.

बाई म्हाताऱ्या वडिलांबरोबर दोन खोल्यांत राहत. मुनीच्या बायकोला त्या वाण्याच्या दुकानात दिसल्या. "गेल्या गेल्या सगळ्या बायका गप्प झाल्या हो," बायको संध्याकाळी सांगत होती. "आणि त्या पाठमोऱ्या झाल्यावर एक जण म्हणते, किल्ल्या नाहीत आज कमरेला. मेली कुठली! कोणी छापलं असेल ते? हात झडले नाहीत त्याचे?"

मुनी जेवत होता. त्यानं हात ताटातच ठेवला.

मग छापखान्यात बाईंच्या वकिलाची नोटीस आली. मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि हुकातले कागद टेबलावर ओतले.

"तिसऱ्या पानाचे नऊ कागद आहेत. या चार ओळींचा कागद कुठंय?"

त्यांनी कागद पुन्हा एकदा मोजले.

"म्हणजे भराव. तिसरं पान कोणाचं?"

"माझं," लंबू म्हणाला. "पण मी साडेचारला गेलो. तेव्हा खाली जागा मोकळी होती."

"मग भरली कोणी? उंदरांनी? का मुनीनं?" मालक मुनीकडे बघून हसले, चिडलेले असूनही. "याला मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना घाम फुटतो!"

मशीनवाला हसला. कोशकाका हसले. आणि मुनीही हसला, थोडंसं, खाली बघून, माणूस स्वतःवरच्या थट्टेला हसतो तसा. लंबू तेवढा हसत नव्हता. तो मुनीकडे बघत होता, आणि बराच वेळ बघत होता.

"उंदरांचं मी काय सांगू मालक," अखेर तो म्हणाला. "बोलले तर उंदीरच बोलतील."

"तुझी जीभ अजून चालतेच आहे!" मालकांचा आवाज चढला. "एक दिवस तुझ्या थट्टेनं हे होणारच होतं. उद्यापासून येऊ नकोस."

लंबूची स्टिक त्याची स्वतःची होती, वडिलांकडून आलेली. ती त्यानं फडक्यात गुंडाळली. मुनीच्या केसपाशी येऊन तो क्षणभर थांबला. मुनीच्या हातात कुठल्यातरी दवाखान्याची जाहिरात होती. तो 'वेळ' जुळवत होता. त्यानं 'वेळ' जुळवला, पुढचे दोन ठिपके लावले, आणि वर बघितलं तेव्हा लंबू दाराबाहेर पडला होता.

नोटिशीला उत्तर लिहायचं काम कोशकाकांकडे आलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते कोश उघडून बसले होते. मुनी डबा घेऊन त्यांच्या जवळ येऊन बसला. असं तो कधी करत नसे.

"बघ," कोशकाका म्हणाले. त्यांना ऐकायला माणूस मिळाला की कोणताही प्रसंग वाईट वाटत नसे. "वकिलानं इंग्रजी शब्द घातलाय, लायबेल. लिहून केलेली बदनामी. मूळ कुठलं माहीत आहे? लॅटिन. त्या भाषेत झाडाच्या आतल्या सालीला जो शब्द, तोच पुस्तकाला. सालीवर लिहीत असतील पूर्वी. त्यावरून लहान पुस्तकाला हा शब्द झाला. चोपडं, चिटोरं. इतका साधा, गरीब शब्द! पुढं लोक वैऱ्याच्या नावानं चिटोरी लिहून वाटायला लागले, आणि त्यात बिचाऱ्या चिटोऱ्याचंच नाव खराब झालं. गंमत म्हणजे लायब्ररीसुद्धा त्याच सालीतून निघालेली. सख्ख्या नाही, पण चुलत बहिणी."

"आणि आपला?" मुनीनं विचारलं.

कोशकाकांनी चष्मा वर केला. मुनीनं प्रश्न विचारला होता. "आपला म्हणजे अब्रू? अब्रुनुकसानीतला? तो फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. मोत्याचं पाणी म्हणतात ना, तसं, तेज. ते उतरलं की नाक तेच, डोळे तेच, पण..." त्यांना पुढचा शब्द सापडेना. त्यांनी हात नुसता चेहऱ्यावरून खाली फिरवला. "इंग्रजांनी तोंडी बदनामीला निराळा शब्द ठेवलाय आणि लेखीला निराळा. बरोबरच आहे. तोंडची वाऱ्यावर जाते. लिहिलेली राहते. उद्या बाई निर्दोष सुटल्या तरी तो अंक कोणाच्या ना कोणाच्या फळीवर डब्यांखाली अंथरलेला असणारच."

मुनीनं डबा उघडला आणि परत लावला.

"समजा काका, लिहिली नाही. नुसती जुळवली."

"म्हणजे?"

"म्हणजे, हातात पेन नव्हतं."

"अरे, सालीवर ओरखडे काढणाऱ्याच्या हातात तरी कुठं फाउंटन पेन होतं?" कोशकाका म्हणाले, आणि पुन्हा कोशात डोकं घातलं. त्यांना काही कळलं होतं की नाही, हे मुनीला कधीच समजलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

दोन दिवसांनी समितीकडून जाहिरात आली. हरवलेल्या पुस्तकांची यादी छापायची होती. कोणाकडे असल्यास आणून द्यावीत, बुधवारी दुपारी चौकशी आहे. जुळवायला दुसरं कोणी नव्हतंच, लंबूची जागा रिकामी होती. मुनी एकेक नाव जुळवत गेला. सातव्या नंबरावर जुन्या अक्षरांच्या नमुन्यांचं पुस्तक होतं.

तो थांबला. खरं तर त्याला हे माहीत असायला हवं होतं. पुस्तक घरात, कपाटावर, रोज डोळ्यांसमोर. पाय फुटल्याच्या ओळी जुळवताना ते त्याच्या मनात आलं नव्हतं, की आलं होतं आणि त्यानं येऊ दिलं नव्हतं? हे त्याला ठरवता येईना. एक गोष्ट मात्र उघड होती. पुस्तक कोणाकडे आहे हे बाईंना माहीत होतं. दोन आठवडे झाले, लोक तोंडावर बोलत होते, आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

घरी जाऊन त्यानं पुस्तक खाली काढलं. बायको भाजी चिरत होती.

"देऊन येताय? बरं झालं. त्या बिचारीला तेवढाच आधार."

"ते मीच केलं," मुनी म्हणाला.

"काय?"

"ते छापलेलं. चार ओळी. माझ्या आहेत."

बायकोनं विळी आडवी केली. चिरलेली भाजी एका बाजूला सारली. मग म्हणाली, "परवा मी म्हटलं, त्याचे हात झडले नाहीत का, आणि तुम्ही समोर बसून जेवत होता?"

"हो."

"आणि तुमचे ते लंबूभावजी?"

मुनीनं मान खाली घातली. बायको उठून आत गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. बुधवारी मात्र तिनं त्याचा धुतलेला सदरा बाहेर काढून ठेवला.

चौकशी वाचनालयातच होती. समितीचे तिघं टेबलाच्या आत बसले होते. मधले अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर. टेबलाच्या बाहेर, जिथं पुस्तकं घ्यायला येणारे लोक उभे राहत, तिथं एका स्टुलावर बाई. त्यांना त्या बाजूला बसलेलं मुनीनं कधी पाहिलं नव्हतं. दाराशी त्यांचे वडील काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

मुनीनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "सात नंबर," तो म्हणाला.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "कुठं सापडलं?"

"माझ्याकडं होतं. बाईंनी विश्वासानं दिलं होतं. मी परत आणलं नाही." इथवर त्यानं वाटेत घोकून ठेवलं होतं. पुढचंही घोकलं होतं, पण ते आता कुठंच सापडेना. "आणि ते... पेपरातलं. तेही माझंच. मी जुळवलं."

"तुम्ही जुळारी. तुम्ही जुळवणारच. लिहिलं कोणी?"

मुनीच्या कानशिलांवरून घाम उतरत होता. "तेच," तो म्हणाला. "म्हणजे मीच. मी लिहिलं."

"तुमच्याकडे काही माहिती होती? पुरावा?"

"नाही."

"मग?"

"बाई मला बोलल्या होत्या. लोकांसमोर. हातांवरून." ऐकताना ते इतकं लहान वाटलं की वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा आवाज गेला.

"हाच का तो?" दाराशी बसलेले वडील मोठ्यानं म्हणाले. त्यांना ऐकू कमी येत होतं.

"हाच, अप्पा," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं कोणी मोठा माणूस असेल."

समितीतला एक जण खोकला. बाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. एकेक. सगळे वाट बघत राहिले. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी ते मिटलं आणि डॉक्टरांकडे सरकवलं.

"हे मी बिननोंदीचं दिलं होतं," त्या म्हणाल्या. "नियम मोडला, त्याची काय ती शिक्षा करा. बाकीच्या दहांचं मला ठाऊक नाही."

"मग यांचं नाव आधीच का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बाई दुसऱ्यावर ढकलतायत." त्या थांबल्या. "आणि मला वाटलं, आणून देतील."

त्यांनी मुनीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

बाईंना कामावर परत घेतलं, बिननोंदीच्या पुस्तकाबद्दल लेखी समज देऊन. मालकांनी माफी छापली. 'अनवधानाने' हा शब्द कोशकाकांनी घातला होता, तो मुनीनं काढायला सांगितला. मालक आधी तापले, मग काही दिवस त्याच्याशी बोलेनासे झाले, पण त्याला काढलं नाही. दुसरा जुळारी आधीच गेला होता. वाचनालयात मुनी पुढं कधीतरी जाऊ लागला. बाई पुस्तकं देत, शिक्का मारत, तारीख सांगत. कुलपाच्या कपाटापुढे कोणी कितीही वेळ उभं राहिलं तरी किल्ली मात्र त्या पुन्हा काढत नसत. लोकांना तेवढं एक मिळायचं, तेही बंद झालं.

मालकांनी लंबूला निरोप पाठवला होता. तो आला नाही. तो आता दुकानांच्या पाट्या रंगवत होता. मुनी त्याला शोधत गेला, तेव्हा तो शिडीवर चढून कुठल्यातरी 'स्टोअर्स'चा 'स्टो' भरत होता.

"मला ठाऊक होतं रे," तो वरूनच म्हणाला. "पान सोडून मी गेलो, खोलीत जुळवणारा तू एकटा. गणित येतं मला."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून." लंबूनं ब्रश डब्यात बुडवला. "तू 'वेळ' जुळवत बसलास. जाताना पाहिलं मी. तेवढं एक डोक्यातून जात नाही."

मुनी शिडी धरून उभा राहिला. लंबू खाली उतरला, चहा सांगितला, दोघांनी घेतला. जाताना लंबू म्हणाला, "येत जा. पण ते बोलणं काढायचं नाही." मुनी येत राहिला, आणि ते बोलणं कधी निघालं नाही. पण लंबूनं त्यानंतर मुनीची थट्टा केली नाही, एकदाही नाही, आणि ते मुनीला दर वेळी जाणवे.

यात एक गोष्ट राहिली. माफी कोणी वाचली नाही. म्हणजे छापली गेली, पहिल्या पानावर, चौकटीत. पण माफीत हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्या चार ओळी राहिल्या. कधी पोस्टाच्या रांगेत, कधी दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी म्हणे, "ती किल्लीवाली बाई! पुस्तकं घरी न्यायची म्हणे."

मग मुनीला बोलावं लागे. ओळख नसलेल्या माणसाशी, लोकांदेखत. त्याची वाक्यं ठरलेली होती, "ते खोटं होतं. मी लिहिलेलं होतं." पहिल्या वर्षी पाच-सहा वेळा, नंतर कमी. दर वेळी तेवढाच घाम येई. लोक गोंधळून बघत. काही जण विचारीत, "तुम्ही कोण?" काही जण नुसते जागा बदलून बसत.

काम सोडल्यावरही एकदा तो न्हाव्याकडे बसला होता. अर्ध्या चेहऱ्याला साबण लागलेला होता. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा आपल्या न्हाव्याला सांगत होता, "अरे, वाचनालयात पूर्वी एक बाई होत्या. वारल्या आता. बाकी हुशार हो, पण पुस्तकं मात्र..."

मुनी खुर्चीत सरळ झाला.

"हलू नका काका," वस्तरा वर उचलून न्हावी म्हणाला. "लागेल."

"थांब जरा," मुनी म्हणाला, आणि साबणासकट शेजारच्या खुर्चीकडे वळला.